चुलीची अक्षत

माझ्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाची ही गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहतो. घर दोन खोल्यांचं आणि माणसं पाच. वर्गातल्या बारा मुलींना बोलवायचं असं ठरलं होतं. बारा बशा काढून ठेवल्या होत्या आणि बारा पुड्या बांधल्या होत्या. पुडीत पेन्सिल, खोडरबर आणि एक लहानसं गोष्टीचं पुस्तक. शाळेतल्या बाईंच्या घरची भेट ती. याहून वेगळी कशी असणार!

सहाच्या सुमाराला बारावी मुलगी आली आणि तिच्या हाताला धरून तिचा पाठचा भाऊ आला. असेल साडेचार-पाच वर्षांचा. केस पाण्यानं चप्प बसवलेले, अंगात धुतलेला सदरा. त्यानं दारात चपला काढल्या न काढल्या तोच माझ्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘आई, ह्याला पण बोलावलं होतं?’’

‘ये रे बाळ, आत ये,’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते ओठांवर यायला किंचित उशीर झाला. तेवढ्या वेळात मी मनाशी बशा मोजत होते. बहिणीला ते समजलं. मुलांना अशा गोष्टी मोठ्यांच्या आधी समजतात. ती म्हणाली, ‘‘आई कामावरून आली नाही काकू, घरी कुणी नव्हतं म्हणून आणला. आम्ही जातो.’’ आणि खाली बसून तिनं त्याच्या चपला परत पायात सरकवल्या. मी ‘अगं थांब’ म्हणेपर्यंत दोघं जिना उतरून गेली होती.

मागाहून मी ताट झाकून त्यांच्याकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते लखलखीत घासून परत आलं. रिकामं भांडं परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखर घातलेली होती. त्या साखरेनं मला जेवढं सांगितलं तेवढं कुणाच्या बोलण्यानं सांगितलं नसतं.

रात्री निजानीज झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘एक विचारू? अक्षत पोरीला दिली होतीस का चुलीला?’’

त्यांचं माहेर कल्याणचं, जुन्या वाड्यातलं. त्यांच्या बोलण्यात असे शब्द अजून जिवंत आहेत. पण त्या रात्री हा शब्द मला टोचला आणि पुढे बरेच दिवस मी त्याच्या मागं लागले. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. तरी आपण रोज वापरतो त्या रीतींना इतिहास असतो आणि तो कळला तर पुष्कळ भांडणं टळतात, एवढं मला या शोधात उमगलं.

अक्षत म्हणजे कुंकू लावलेले अखंड तांदूळ. लग्नकार्याचं बोलावणं करताना ते दाराशी द्यायचे. पण ती अक्षत कुणाला दिली याला अर्थ असे. एका माणसाला दिली तर एकाच माणसानं जेवायला यायचं. चुलीला अक्षत दिली म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. हेच चूलबंद आमंत्रण. पुढे छापील पत्रिका आल्या तेव्हा ‘सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे’ हे वाक्य आलं. ते त्या चुलीच्या अक्षतेचंच शाईतलं रूप. कुटुंब म्हणजे पत्नी आणि परिवार म्हणजे मुलंबाळं, आश्रित, पाहुणारावळा. त्यात ‘पाठचा भाऊ’ वेगळा सांगावा लागत नव्हता.

यावरून कुणी म्हणेल की जुनी माणसं उदार होती आणि आम्ही बशा मोजणारे झालो. पण हे खरं नाही. जुन्या रीतीतही माणसं मोजली जात. मुंजीत मातृभोजनाच्या वेळी बटूबरोबर आठ मुंजे मुलगे जेवायला बसत. त्याला अष्टवर्ग म्हणतात. आठ म्हणजे आठ. एखाद्या कुळाचारासाठी एक सवाष्ण बोलवायची, एखाद्या व्रताला एक मेहूण बोलवायचं. तिथं सारी चूल कधीच बोलावलेली नसे. मौज अशी की त्याचा कुणाला राग येत नसे. कारण सांगणारा स्पष्ट सांगे, ‘उद्या सवाष्ण म्हणून तुम्ही या.’ ऐकणाऱ्याला आपलं बोलावणं किती लांबीरुंदीचं आहे ते त्याच वेळी कळे. अपवाद एकच, कडेवरचं मूल. ते आईबरोबर जाई आणि त्याला पान वेगळं मांडत नसत.

आता वाढदिवसाकडे वळू. आपल्याकडे वाढदिवसाला पाहुणे बोलवायची चाल होती का? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली ‘धर्मसिंधु’ लिहिला. त्यात वर्ष पूर्ण झाल्यावर काय करावं हे सांगितलं आहे. जन्मतिथीला तीळ लावून स्नान करावं. कुलदेवता, जन्मनक्षत्र, मार्कंडेय आणि चिरंजीव यांची पूजा करावी. तीळ-गूळ घातलेलं दूध प्यावं. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे सात चिरंजीव, म्हणजे मरण नसलेले. त्या दिवशी काय करू नये तेही सांगितलं आहे. नखं-केस कापू नयेत, प्रवास करू नये, हिंसा करू नये आणि कलह करू नये. या विधीत अमुक इतकी मुलं बोलवा असं काही नाही. वाढदिवस हा घरातला, देव्हाऱ्यापुढचा दिवस होता. आई औक्षण करी, लेकरू पाटावरून उठे आणि शेजारी एखादी वाटी खीर जाई. आयुष्य मागायचा तो दिवस; माणसं जमवायचा नव्हे.

मुलं जमवायचे दिवस वेगळे होते. संक्रांतीनंतरचं बोरनहाण घ्या. लहान लेकराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे त्याच्या डोक्यावरून ओतायचे. ते वेचायला आळीतली पोरं धावत. तिथं बोलावणं एकाच शब्दाचं असे: ‘मुलांना पाठवा.’ कोणती आणि किती, हे कुणी विचारत नसे. कारण वाटायचं होतं ते जमिनीवर सांडलेलं होतं, बशीत मोजून ठेवलेलं नव्हतं. ज्याची मूठ मोठी त्याला जास्त. धाकटं भावंड उलट फायद्याचं असे. तो गुडघ्यांत शिरून जास्त बोरं काढी!

पण म्हणून जुन्याचे गोडवे गायला मी धजणार नाही. सगळी चूल बोलावणारा तोच समाज हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा सुनेला आतल्या खोलीत बसवून ठेवी. पंगती जातवार बसत आणि बोलावणं हे शस्त्रही होतं. याचा एक दाखला आमच्या कल्याणच्या घराण्याशी नातं सांगतो. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८९० साली, त्यांचे यजमान गोपाळराव यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठेवून शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हाती धरला. पुढे आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि त्यांत रानडे, टिळक, गोखले यांची नावं होती. ख्रिस्ती मिशनमधल्या एका चहापायी ग्रामण्य उभं राहिलं, प्रायश्चित्ताचे वाद झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कुणी कुणाला पंगतीला बोलवावं हा प्रश्न घराघरांत शिरला. तात्पर्य, बोलावण्यात कोण आत आणि कोण बाहेर, हा वाद काही केकबरोबर आलेला नाही.

मग नावानिशी बोलावणं आपल्या मुलांच्या घरी कसं आलं? साहेबी निमंत्रणात पाकिटावर ज्याचं नाव, त्यालाच बोलावणं. गंमत अशी की ठाण्याला रेल्वे आली ती अशा निमंत्रितांना घेऊनच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिच्या चौदा डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. तोफांची सलामी झडली आणि बघ्यांची दुतर्फा गर्दी लोटली. पण डब्यात बसायला मिळालं ते ज्यांना निमंत्रण होतं त्यांनाच. पुढच्या वर्षी गाडी कल्याणला पोचली. त्या रुळांनी आमच्या गावांचं काय केलं ते सांगायला नको. घरातला एक माणूस नोकरीसाठी मुंबईस जाऊ लागला, मग त्याचं बिऱ्हाड निराळं झालं. एका चुलीच्या तीन चुली झाल्या. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं, तेव्हा वाटल्या गेलेल्या चुलींना जोडणारा एक धागा मिळाला. कार्ड उघडं, पोस्टमनपासून पोरापर्यंत सगळे वाचणार. म्हणून त्यात ‘सर्वांनी यावे’ असंच लिहायचं आणि शेवटी लहानांना आशीर्वाद. कार्डावर कुणाला वगळून लिहिता येत नसे.

वाढदिवस घराबाहेर काढला तो मात्र शाळेनं. हे मी शाळेत शिकवत असल्यामुळं अधिकारानं सांगते. तिथी पंचांगात राहते; शाळेच्या रजिस्टरला तारीख लागते. ती ज्यांना सांगता येत नसे, त्या मुलांच्या नावापुढं गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, कारण जूनमध्ये शाळा सुरू होते. महाराष्ट्रात हजारो माणसांचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो तो यामुळं. पुढे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला आणि तारीख जन्मापासूनच पाठीशी लागली. १९७३ साली ‘कालनिर्णय’ भिंतीवर आलं, त्यात तारीख आणि तिथी एकाच चौकोनात नांदू लागल्या. पण वाढदिवस मोठ्या आकड्याकडेच गेला. ज्या गाण्यावर आपली मुलं टाळ्या वाजवतात त्याची चालही शाळेतलीच. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल भगिनींनी बालवर्गातल्या मुलांना सकाळचा नमस्कार करण्यासाठी ती बांधली आणि १८९३ साली प्रसिद्ध केली. वाढदिवसाचे शब्द तिला मागाहून जोडले गेले.

आता हा शाळेचा वाढदिवस आणि तो चुलीचा समारंभ यांत एक मोठा फरक आहे. आळीतल्या मुलांना बोलावलं तर घर बोलावलं जातं, कारण आळी घरांची बनलेली असते. वर्गातल्या मुलांना बोलावलं तर एकेक नाव बोलावलं जातं, कारण वर्ग हजेरीपटावरच्या नावांचा बनलेला असतो. हजेरीपटावर पाठचा भाऊ नसतो. माझ्या मुलीनं दारात विचारलेला प्रश्न असभ्य होता खरा, पण तिच्या शाळेच्या हिशेबानं चूक नव्हता. तिनं हजेरी घेतली होती! आणि त्या दुसऱ्या मुलीच्या घरी अजून चुलीचं गणित चालू होतं. दोन्ही बरोबर होते. चूक होती ती मधे उभ्या असलेल्या माझी, कारण दोन्ही गणितं मला येत होती आणि मी त्यांतलं कोणतंही मांडून दाखवलं नव्हतं.

बशा मोजणं हाही काही कोतेपणा नाही. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि साखर-तांदूळ माणशी मोजून मिळू लागले. त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत जेवणावळींना कात्री लागली. लग्नाचा पाहुणा पेढा नाहीतर आइस्क्रीम घेऊन घरी जाऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात तर धान्याचा दाणा मोजला गेला. आणि २०२० साली साथीच्या दिवसांत लग्नाला पन्नासच माणसं, असा हुकूम आम्ही सर्वांनी पाळला. शिवाय जागा! ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरात बारा मुलं बसली की पंखा लावायचं बटण सापडत नाही. कार्यालय भाड्यानं घ्यावं तर ते ताटावर पैसे आकारतात. तेव्हा संख्या ठरवणाऱ्या आईला कुणी कद्रू म्हणू नये. तिला अडचण असते, आणि अडचण सांगता येते. सांगायची लाज वाटते म्हणून सगळं बिघडतं.

या विचारात असताना मला माझ्याच धंद्यातल्या एका थोर बाईंची आठवण झाली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ही गावं तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. वारल्यांच्या पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत याचा शोध घेताना या बायकांना दिसलं की आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. आईबाप मजुरीला जातात, पोर सांभाळायचं तिनं. तिला एकटीला शाळेत बोलावणं म्हणजे न बोलावण्यासारखंच. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. थोरलीनं यावं, येताना धाकट्याला आणावं, त्याला पाळण्यात घालावं आणि आपण पाटी घ्यावी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. बालशिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाचं मोल मोठं आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसली. शाळेनं प्रथमच एका नावाला नव्हे, चुलीला अक्षत दिली होती.

ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि माझ्या दारातली ती मुलगी मला पुन्हा दिसली. ‘घरी कुणी नव्हतं म्हणून आणला,’ असं ती म्हणाली होती. पाड्यावरची आई मजुरीला जाते, डोंबिवलीची आई सात-वीसची गाडी पकडते. कडेवरचं पोर दोन्हीकडे थोरलीच्याच वाट्याला. आपल्या भाषेनं धाकट्या भावंडाला ‘पाठचं’ म्हटलं आहे ते उगाच नव्हे. ते पाठीमागून जन्मतं आणि पाठीमागूनच येतं. नवी नवरी सासरी जाताना सोबतीला धाकटी बहीण पाठवत, तिला पाठराखीण म्हणत. त्या आगंतुक पाहुणीला आपल्या रीतीनं नाव दिलं होतं, मान दिला होता. वाढदिवसाच्या नव्या रीतीनं तिला अजून नाव दिलेलं नाही. म्हणून दारात घोटाळा होतो.

तेव्हा रीत कशी असावी? मला सुचतं ते सांगते. पटेल तेवढं घ्यावं. बोलावणाऱ्यानं बोलावणं मोघम ठेवू नये. जमत असेल तर ‘भावंडांना घेऊन ये’ असं सांगावं. जमत नसेल तर मुलाकरवी निरोप न धाडता त्याच्या आईला आपण सांगावं: ‘जागा लहान आहे, या खेपेला वर्गातल्याच मुली बोलावल्या आहेत, हिला सहाला सोडा, आठला न्या.’ कारण सांगितलेलं बोलावणं कितीही आखूड असलं तरी अपमान करत नाही. आलेल्यानंही थोडं जपावं. पाठच्याला पाठवायचा असेल तर आधी विचारावं. सोबत नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर तसं कळवावं. शिवाय थोरल्याचाही विचार करावा. त्यालाही कधी कुणाचा दादा म्हणून न जाता नुसता मित्र म्हणून जावंसं वाटतं. दर खेपेला धाकट्याचं बोट त्याच्या हाती देणं हाही एक अन्यायच.

पण हे सारं दारापर्यंत. मूल एकदा उंबऱ्याशी आलं की बोलावलेलं आणि न बोलावलेलं हा भेद संपला. मग मोजणी बंद. बशी कमी पडली तर ती आपली कमी पडावी. पुडी कमी पडली तर ती घरच्या मुलाची कमी पडावी, आणि ती कशी पडली हे त्याला आधीच समजावून ठेवावं. म्हणून दोन बशा नेहमी जास्त काढाव्यात. धर्मसिंधूत वाढदिवशी कलह वर्ज्य सांगितला आहे. माझ्या घरी त्या दिवशी भांडण झालं नव्हतं. आवाजसुद्धा चढला नव्हता. तरी एक लेकरू जेवल्यावाचून जिना उतरलं. याहून मोठा कलह कोणता?

त्या दोघांच्या घरी मी मागाहून स्वतः गेले. कुंकवाची अक्षत काही नेली नाही. ते नाटकी झालं असतं. त्यांच्या आईला म्हटलं, ‘‘चूक माझी झाली.’’ ती म्हणाली, ‘‘अहो, माझीच. मी विचारायला हवं होतं.’’ मग चहा झाला. धाकटा दाराआडून बघत होता. तो माझ्याजवळ आला नाही, आणि मीही त्याला जवळ ओढलं नाही. मुलांचा राग आपल्या सोयीनं संपत नसतो.

यंदा मुलीनं नववा वाढदिवस आला तशी आपणच यादी करायला घेतली. वहीच्या पानावर तिनं नावं लिहिली आणि समोर एक रेघ ओढून नवा रकाना पाडला. मी विचारलं, ‘‘हे काय?’’ ती म्हणाली, ‘‘पाठचं कोण आहे ते विचारून लिहिणार आहे.’’ नावं मात्र तिनं बारावरून सातवर आणली होती. सासूबाईंनी चष्मा लावून यादी पाहिली, बोटावर काही मोजलं आणि काही न बोलता फळीवरच्या पंधरा बशा खाली काढल्या.